हलकं विमान आणि कमी उंचीवरच्या कसरती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर शिकणारी मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि कधीमधी हलक्या विमानात शेजारच्या सीटवर बसणारी मंडळी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आकडे बहुतेक सेस्ना १५२ चे आहेत, कारण शिकाऊ वैमानिकांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात त्याच विमानावर होते. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेतला धरा.

कमी उंची म्हणजे नेमकी किती?

नियम दोन भागांत आहे. शहर, गाव, वस्ती किंवा उघड्यावर जमलेला लोकसमुदाय यांच्यावरून जाताना विमानापासून ६०० मीटरच्या परिघात जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्या वर किमान ३०० मीटर, म्हणजे १,००० फूट राहायचं. इतरत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून किमान १५० मीटर, म्हणजे ५०० फूट. उड्डाण आणि उतरणं एवढ्यापुरती सूट आहे.

ही कायद्याची खालची हद्द आहे. ‘इथपर्यंत जायला हरकत नाही’ असा तिचा अर्थ काढू नका. शेत रिकामं दिसलं म्हणून ५०० फुटांवर अर्धा तास फिरणारा वैमानिक नियमात असतो, पण इंजिन बंद पडलं तर त्याच्या हातात पाऊण मिनिट असतं.

मग ऑल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या काट्यावर, ५०० दिसलं की झालं ना?

नाही, आणि इथे नवी मुलं फसतात. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट उंच आहे. क्यूएनएच (काट्याला समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायला लावणारा हवेचा दाब) लावलेला असेल तर विमान जमिनीवर उभं असतानाच काटा १,०३० च्या आसपास असतो. म्हणून इथे जमिनीपासून ५०० फूट म्हणजे काट्यावर साधारण १,५३०. उत्तरेला रामटेक, पेंच करत सातपुड्याकडे निघालात की खालची जमीन चढत जाते आणि काटा जागचा हलत नाही. काटा समुद्रापासूनची उंची सांगतो, खालचं वावर किती जवळ आलं ते सांगत नाही. निघण्याआधी नकाशावर वाटेतली सगळ्यात उंच जागा बघून ठेवा आणि किमान उंची कागदावर लिहून मांडीवर ठेवा.

कमी उंचीवर विमान वेगळं उडतं का?

विमान तेच, पंख तेच, स्टॉलही (पंखावरची हवा सुटून उचल कोसळणं) तोच. फरक फक्त चूक निस्तरायला मिळणाऱ्या वेळेचा.

सेस्ना १५२ च्या पुस्तिकेप्रमाणे सरळ स्टॉलमधून बाहेर येताना १६० फुटांपर्यंत उंची जाऊ शकते. हा आकडा, स्टॉल येणार हे आधीच ठाऊक असलेल्या आणि हात तयार ठेवलेल्या वैमानिकाचा. एका फेऱ्याचा स्पिन (स्टॉलनंतर गिरक्या घेत खाली पडणं) आणि त्यातून सुटका यासाठी तीच पुस्तिका किमान १,००० फूट राखायला सांगते, आणि शक्य तिथे सुटका जमिनीपासून ४,००० फुटांच्या वरच पूर्ण होईल असं बघा म्हणते. आता हे आकडे ५०० फुटांशेजारी ठेवा. सरावात दहा वेळा सफाईने केलेली स्पिनची सुटका ५०० फुटांवर अर्धीच होते. उरलेल्या अर्ध्यासाठी खाली हवाच नसते.

वळणात स्टॉल लवकर येतो म्हणजे किती लवकर?

सरळ, समतल उड्डाणात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली उतरणाऱ्या झडपा) वर असताना पूर्ण वजनाच्या १५२ चा दुरुस्त, म्हणजे उपकरणाची चूक काढून टाकलेला, स्टॉल-वेग ४८ नॉट (ताशी सागरी मैल) आहे. उंची न सोडता ३० अंशांचं वळण घेतलं की तो जवळपास ५२ होतो. ४५ अंशांना ५७. ६० अंशांना ६८, कारण तिथे पंखांवर दुप्पट भार असतो आणि स्टॉल-वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आकडे नीट पाहिले तर ३० पर्यंत फारसं काही बिघडत नाही. ४५ च्या पुढे मात्र प्रत्येक अंश महाग पडतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. भार वाढतो तो पंख कलल्याने नाही, योक (हातातलं सुकाणू) ओढल्याने. पंख ४५ अंशांवर कललेला असताना नाक थोडं खाली जाऊ दिलं, ओढलं नाही, तर पंख तक्रार करत नाही. पण जमीन जवळ असली की हात आपोआप मागे जातो. उंचावर तीच व्यक्ती तेच वळण व्यवस्थित घेते आणि खाली आल्यावर ओढते, त्याचं कारण एवढंच.

आपल्या गावावरून खाली एक फेरी मारली तर काय बिघडतं? सरळ उडायचं आणि निघून जायचं.

हलक्या विमानांच्या अपघात-अहवालांत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून तो सावकाश पाहू.

समजा घर काटोलकडे, संत्र्याच्या बागांच्या पलीकडे आहे. फोन करून सांगितलेलं, म्हणून घरची मंडळी गच्चीवर उभी. विमान ३०० फुटांवर, वेग १०० नॉट. इथवर वाईट काही घडलेलं नाही, म्हणूनच धीर वाढतो. गच्ची खालून गेली की नाक वर खेचलं जातं. १०० नॉटचे ६० होईपर्यंत विमान कागदावर सुमारे २८० फूट चढतं, प्रत्यक्षात रोधामुळे त्याहून कमी. म्हणजे ५५० फुटांच्या आसपास ते ६० नॉटवर लोंबकळतंय. इंजिन पूर्ण जोरावर आहे, वेग कमी आहे, त्यामुळे नाक डावीकडे सरकू पाहतंय आणि उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) मागतंय.

आता वैमानिक काय करतो? तो डाव्या सीटवर आहे, त्याला गच्ची पुन्हा बघायची आहे, म्हणून डावीकडे वळतो आणि मान डाव्या खांद्यावरून मागे फिरवतो. सेस्नाचा पंख डोक्यावर असतो. वळताना तोच आत झुकून वळणाच्या दिशेचं दृश्य झाकतो, मग अजून थोडं कलवलं जातं. गच्ची मागे पडू नये म्हणून योक थोडा ओढला जातो. ४५ अंशांना स्टॉल-वेग ५७ आणि आपल्याकडे आहेत ६०. पाय विसरलेले आहेत, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू उजव्या कोपऱ्यात पळालाय. डोळे गच्चीवर असल्याने ना चेंडू दिसतो, ना वेग. पुढची हवेची एखादी झुळूक किंवा योकवरचं आणखी एक बोट पुरतं. एक पंख पडतो, विमान त्याच्याकडे गिरकी घेतं आणि समोरच्या काचेत आकाशाऐवजी बाग येते.

इथे धाडस कुठेच नव्हतं. वळण साधं होतं. नजर चुकीच्या ठिकाणी होती आणि चूक सावरायला उंची नव्हती.

घर दाखवायचंच असेल तर जमिनीपासून १,५०० फूट किंवा त्याहून वर राहा. ९० नॉट वेग, ३० अंशांहून कमी कल. या वेगाला ३० अंशांत वळणाची त्रिज्या सुमारे ३८० मीटर येते, म्हणजे घर आरामात वर्तुळाच्या आत राहतं. एकच फेरी. फोटो दुसऱ्याने काढायचा, उडवणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही. फेरी झाली की समतल, सरळ निघायचं. आणि घरच्यांना ‘टाटा करायला गच्चीवर या’ असं आधी सांगूच नका. कोणीतरी वाट बघतंय या जाणिवेनेच उंची कमी होत जाते.

उतरताना बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलवर (तिच्या सरळ रेषेत) वळताना इतके अपघात का होतात? तिथे तर कोणी कसरत करत नाही.

कसरत करत नाही, पण तीच हालचाल नकळत होते. बेसवर पाठीमागून वारा असेल तर विमान अपेक्षेपेक्षा पटकन धावपट्टीच्या रेषेपाशी पोचतं आणि रेषा ओलांडून पलीकडे जाऊ लागतं. वैमानिकाला वळण घट्ट करायचंय, पण जमिनीजवळ जास्त कलायची भीती वाटते. मग तो आतल्या बाजूचा रडर दाबून नाक फिरवतो. त्याने बाहेरचा पंख जोरात जातो, कल वाढू लागतो, तो थांबवायला उलटा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, कल देणारी झडप) दिला जातो. नाक खाली जायला लागतं, म्हणून योक मागे. पाय आत, हात बाहेर, योक पोटाशी. स्पिन शिकवताना मुद्दाम जी मांडणी करतात, ती अशी हुबेहूब जमून येते, आणि उंची उरलेली असते तीन-चारशे फूट.

उपाय अगदी साधा आहे. रेषा ओलांडली तर ओलांडू द्या. कल ३० अंशांपुढे नेऊ नका, चेंडू मधे ठेवा आणि रेषा हुकली तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा : पूर्ण थ्रॉटल, कार्ब्युरेटर हीट बंद, पंख समतल, फ्लॅप २० अंशांवर आणि मग टप्प्याटप्प्याने वर. सोनेगावच्या धावपट्टीची लांबी सुमारे ३,२०० मीटर आहे. १५२ ला तिचा छोटासा तुकडा पुरतो. तिथे रेषा गाठायच्या घाईने मरावं असं काहीच नाही.

वाऱ्यात खाली उडताना वेग वाढल्यासारखा का वाटतो?

कारण तुम्ही जमिनीकडे बघून वेग ठरवत असता. पाठीमागून २० नॉट वारा असेल तर ८० नॉटच्या विमानाखालून जमीन १०० नॉटने पळते. ५,००० फुटांवर हे जाणवत नाही, ३०० फुटांवर डोळ्यांत भरतं. मग हात थ्रॉटल मागे घेतो किंवा योक ओढतो, आणि खरा हवेतला वेग कमी होतो. दुसरा भास यापेक्षा घातक आहे. वारा पाठीशी घेत वळताना विमान वळणाच्या आत घसरतंय असं वाटतं, आणि ते ‘सुधारायला’ पाय आतला रडर दाबतो. चेंडू मधे असेल तर घसरण नाही. जमिनीने सांगितलेलं तिथे मानायचं नाही.

विजेच्या तारा दिसत नाहीत का? टॉवर तर एवढाले असतात.

टॉवर दिसतात, तार दिसत नाही. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेला मौदा, अशी मोठी वीजकेंद्रं आहेत. तिथून हायटेंशन लाईनी चहूकडे निघतात. ४०० केव्हीच्या लाईनीत सर्रास वापरली जाणारी वीजवाहक तार सुमारे ३२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्याही वर, टॉवरच्या शेंड्यावरून, वीज पडू नये म्हणून अर्थवायर ओढलेली असते. ती साधारण ११ मिलिमीटरची, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक. खालच्या जाड तारा ऐनवेळी दिसलेला वैमानिक नाक वर खेचतो आणि या वरच्या तारेत अडकतो.

९० नॉट म्हणजे सेकंदाला ४६ मीटर. तार १५० मीटरवरून दिसली असं धरलं तरी सव्वातीन सेकंद मिळतात. त्यात दिसणं, ओळखणं, ठरवणं, हात हलवणं आणि मग विमानाने मार्ग बदलणं, एवढं सगळं व्हायचं असतं. हिवाळ्यात सकाळी धुरकं असतं आणि सूर्य खाली असतो. तेव्हा १५० मीटरही मिळत नाहीत.

म्हणून तार शोधू नका, टॉवर शोधा. दोन टॉवर दिसले की त्यांच्यामधे तार आहेच असं धरा. टॉवरचे हात कुठल्या दिशेला पसरलेत त्यावरून लाईन कुठे जाते ते कळतं. जास्त दणकट, रुंद पायाचा टॉवर दिसला तर लाईन तिथे वळते असं समजा. पेंचच्या बाजूला जंगलात झाडं तोडलेला सरळ पट्टा दिसतो, तो बहुतेकदा लाईनीचाच. लाईन ओलांडायची ती टॉवरच्या शेंड्यावरून, कारण तिथे तारांची सगळ्यात वरची पातळी डोळ्यांना दिसते. दोन टॉवरच्या मधून कधीच नाही. नदीवर टॉवर दोन्ही काठांवर दूर असतात, तार मधे लांब झोका घेते आणि पात्रावरून खाली उडणाऱ्याला काठावरचे टॉवर दिसतच नाहीत. कन्हान असो की वैनगंगा, नदीच्या पात्रातून खाली उडायचं नाही, एवढं ठरवूनच टाका.

छोट्या लाईनीही विसरू नका. ११ केव्हीचे सिमेंटचे खांब आठ-नऊ मीटरचे असतात आणि मोटारपंपासाठी वावरावावरातून गेलेले असतात. आपत्कालीन उतरायची जागा निवडताना प्रत्येक रस्त्याकडेला, प्रत्येक विहिरीपाशी आणि प्रत्येक एकट्या घरापाशी तार आहे असं धरून चाला.

खिंडसी तलावावर पाण्याला लागून उडताना फार छान वाटतं. तिथे तर तारा नाहीत.

वारा पडलेला असेल तर पाणी आरशासारखं होतं आणि उंचीचा अंदाज पूर्ण जातो. ५० फूट आणि १५ फूट एकसारखे दिसतात. चाक पाण्याला टेकलं की तीन चाकांचं विमान नाकावर उलटतं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा काही वेगळा परिणाम?

मोठा परिणाम आहे, आणि थंड ठिकाणी शिकून आलेल्याला तो पटत नाही.

मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर जातो. १,०३० फुटांवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात. फरक ३२ अंशांचा. गरम हवा विरळ असते, आणि तो परिणाम उंचीत मोजायचा तर दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने ३,८४० फूट होतात. त्यात धावपट्टीची उंची मिळवली की ४,८७०. उन्हाळ्यात हवेचा दाबही कमी असतो, म्हणून आणखी दोन-तीनशे. म्हणजे विमान सोनेगावला उभं आहे, पण इंजिनाला आणि पंखांना वाटतंय की ते ५,००० फुटांवर आहे. समुद्रसपाटीला प्रमाण दिवशी मिनिटाला ७१५ फूट चढणारी १५२ इथे ५०० च्या आसपास चढेल, तेही नव्या इंजिनाच्या आणि सफाईदार हाताच्या हिशेबाने.

दुसरा भाग कमी लोकांच्या ध्यानात येतो. विरळ हवेत वेगदर्शकावर तोच ९० दिसत असताना खरा वेग सात-आठ टक्क्यांनी जास्त असतो. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तेच वळण सुमारे १६ टक्के मोठं होतं. जानेवारीत ज्या दोन टेकड्यांमधून वळून परत आलात, तिथेच मे मध्ये वळण पलीकडच्या टेकडीत जाऊ शकतं.

वजनाचा हिशेबही करा. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५२० च्या आसपास धरलं आणि साध्या टाक्या भरून पेट्रोलचे ६७ धरले, तर दोन माणसं, बॅगा, पाण्याच्या बाटल्या मिळून १७० उरतात. दोन धट्टेकट्टे वैमानिक आणि भरलेली टाकी हे गणित बसत नाही. ‘थोडं जास्त आहे, चालतं’ हे वाक्य उन्हाळ्यात तर बोलूच नका.

दुपारी काळ्या मातीवरून जोरदार गरम झोत उठतात आणि वावटळी फिरतात. धुळीची भोवरी दिसली की तिच्या आसपास कमी उंचीवर जाऊ नका, आणि फायनलवर आडवी आली तर गो-अराउंड. एप्रिल-मेमध्ये सरावाची उड्डाणं सकाळी नऊच्या आत उरका.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर धावपट्टीवर परत वळता येतं का?

बहुतेक वेळा नाही. गणित करून बघा. परत यायला १८० अंश पुरत नाहीत, रेषेवर येण्यासाठी सगळं मिळून २२० च्या आसपास वळावं लागतं. इंजिनाविना ६० नॉटने खाली येताना ३० अंशांच्या कलाने एवढं वळायला २१ सेकंद लागतात आणि सुमारे ३०० फूट जातात. काय झालं हे उमगेपर्यंतचे तीन-चार सेकंद, शेवटचं उलट वळण आणि विमान टेकवण्यापूर्वी नाक उचलणं हे धरलं की ४५० ते ५००. ‘लवकर वळतो’ म्हणून ४५ अंश कललात तर वेळ १२ सेकंदांवर येतो, पण स्टॉल-वेग ५७ आणि तुमचा वेग ६०. तीन नॉटवर जीव टांगलेला.

नाक लगेच खाली, ६० नॉट. समोर धावपट्टी उरली असेल तर तिच्यावरच. नसेल तर डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत जी बरी जागा दिसेल ती. वेळ असेल तर इंधन बंद, मिक्स्चर बंद, मॅग्नेटो बंद, लागेल तेवढे फ्लॅप, मग मास्टर बंद, आणि टेकण्याआधी दारांची कडी सोडा म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. शेतात उतरताना सऱ्यांच्या दिशेने उतरा, आडवं नको. भंडारा-गोंदियाकडे भातखाचरांचे धुरे चाकं मोडतात, तिथे लांब खाचर शोधा. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचं चाक रुततं, म्हणून योक शेवटपर्यंत मागे धरून नाक जमेल तेवढं वर ठेवा.

हे सगळं प्रत्येक उड्डाणाआधी, धावपट्टीवर रांगेत थांबलेले असताना, मोठ्याने म्हणा. ‘५०० च्या खाली इंजिन गेलं तर सरळ.’ तोंडातून निघालेलं वाक्य ऐनवेळी हाताला आठवतं.

घारी आणि पतंग?

घारी गरम झोतावर गोल फिरत वर जातात आणि कचरा-डेपोच्या वर त्यांचा थवा असतो. भांडेवाडीकडच्या आकाशातून खाली जाऊ नका. घार अंगावर आली तर शक्यतो वरून जा, कारण पक्षी घाबरला की बहुतेकदा खाली सूर मारतो. मात्र त्यासाठी झटका देऊन योक ओढू नका. काच फुटली तर आधी विमान उडवा, बाकी नंतर.

संक्रांतीच्या आसपास नागपूरचं आकाश पतंगांनी भरलेलं असतं. नायलॉनचा मांजा तुटत नाही, वितळून गुंडाळला जातो. तो प्रोपेलरच्या मुळाशी किंवा एलेरॉनच्या बिजागरीत अडकू शकतो. त्या दिवसांत उड्डाणापूर्वीच्या पाहणीत बिजागऱ्यांवरून बोट फिरवा.

ढग खाली आले आणि नाइलाजाने खाली उडावं लागलं तर?

पहिलं उत्तर : मागे वळा, आणि समोरचं दिसेनासं व्हायच्या आधी वळा. मागचं आकाश अजून उघडं असताना निर्णय सोपा असतो.

खरंच अडकलात तर वेग ७० नॉटवर आणा, फ्लॅप १०, ट्रिम करा, सगळे दिवे लावा. हळू गेल्याने वळणाची त्रिज्या लहान होते, ७० नॉटला ३० अंशांत ती २३० मीटरच्या आसपास येते. रस्ता किंवा रेल्वे धरून जात असाल तर ती डाव्या हाताला ठेवा, म्हणजे तुमच्या सीटवरून नीट दिसेल. पावसाळी हवेत इंजिनाचा जोर कमी केला की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, बाहेर २५ अंश असले तरी. फेरे कमी झालेले जाणवले तर हीट पूर्ण ओढा. सुरुवातीला इंजिन आणखी खडखडेल, घाबरून लगेच बंद करू नका. आणि वेळ संपण्याआधी रेडिओवर नागपूरला सांगा की तुम्ही अडचणीत आहात.

स्टॉलचा भोंगा वाजतोच ना? मग इतकी काळजी कशाला?

१५२ चा भोंगा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते, तिथून नळी आत कॉकपिटच्या वरच्या कोपऱ्यातल्या पिपाणीपर्यंत येते. स्टॉल जवळ आला की फटीपाशी हवा ओढली जाते आणि पिपाणी वाजते, स्टॉलच्या आधी पाच ते दहा नॉट. सरळ उड्डाणात ही सूचना भरपूर असते. जोरात ओढलेल्या वळणात हे पाच नॉट एका सेकंदात निघून जातात.

आणि पिपाणी वाजायला फट मोकळी हवी. विमान चार दिवस उभं राहिलं की कुंभारमाशी तिथे माती भरते. तपासायची पद्धत पुस्तिकेतच आहे : फटीवर स्वच्छ रुमाल ठेवा, तोंड लावून हवा आत ओढा. आवाज आला पाहिजे. चार सेकंदांचं काम आहे, पण उकाड्यात घाईघाईने पाहणी करताना तेच सुटतं.

स्पिनमधून बाहेर यायची पद्धत येत असेल तर खालीही उपयोग होईल ना?

पद्धत यायलाच हवी : थ्रॉटल बंद, एलेरॉन मधे, फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर, रडर टोकाला पोचला की योक झटकन पुढे, फिरणं थांबेपर्यंत तसंच धरा, मग रडर मधे आणि हळुवार बाहेर. पण ४०० फुटांवर त्याचा उपयोग नाही. तिथे उपयोग होतो तो स्पिन सुरू होण्याआधी योक सोडण्याचा.

मग सराव कुठे करायचा?

वर, प्रशिक्षकासोबत. जमिनीपासून ५,५०० फुटांवर जा आणि एक खोटी जमीन ठरवा, समजा जमिनीपासून ५,००० फुटांवर. तिच्यावर आधी वर्णन केलेला गच्चीचा प्रसंग उभा करा : ६० नॉट, डावं वळण, मान मागे. प्रशिक्षकाने चेंडूवर लक्ष ठेवायचं आणि विमान खोट्या जमिनीच्या खाली गेलं की ‘गेलो’ म्हणायचं. किती पटकन म्हणावं लागतं हे एकदा अनुभवलं की व्याख्यानाची गरज उरत नाही. त्याआधी नेहमीची तपासणी करा : उंची, विमानाची स्थिती, सैल वस्तू, इंजिन, जागा आणि आसपासची विमानं.

एअर शोमध्ये तर लोक याहून खाली उडतात.

त्यांना परवानगी असते, ठरलेला क्रम असतो, त्याचा सराव आधी उंचावर आणि मग टप्प्याटप्प्याने खाली केलेला असतो, खाली जागा मोकळी ठेवलेली असते आणि विमान त्या भारासाठी बांधलेलं असतं. तरीही अपघात होतात. एअर शोबाहेरचंही एक उदाहरण घ्या : २३ जून १९८० रोजी दिल्लीत संजय गांधी आणि त्यांच्यासोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेना पिट्स एस-२ए विमानाच्या अपघातात गेले. ते विमान कसरतींसाठीच बनवलेलं होतं. कमी उंचीवरच्या कसरतीतून ते बाहेर येऊ शकलं नाही. वायुसेनानगरातला कार्यक्रम बघून दुसऱ्या दिवशी १५२ मध्ये बसताना हे आठवा. १५२ ला तेवढी ताकदही नाही.

सीनिअर म्हणाले ‘चल, जरा खाली घेऊ’, तर नवख्याने काय बोलावं?

एवढंच बोला : ‘सर, मला हे नको आहे. कृपया १,५०० वर राहू.’ कारण देत बसू नका, कारणावर वाद घालता येतो. ऐकलं नाही तर ‘सर, उंची’ असं काट्यावरचा आकडा वाचत मोठ्याने म्हणत राहा. उतरल्यावर मुख्य प्रशिक्षकांना लेखी कळवा. आईवडिलांनी आणि पाहुण्यांनी निघण्याआधीच विचारावं : कुठे जाणार, किती उंचीवर, परत किती वाजता. नीट उत्तर आलं नाही तर त्या दिवशी बसू नका.

आमच्या गावावरून विमान फार खालून गेलं. कुणाला सांगायचं?

आधी हे बघा की तुम्ही धावपट्टीच्या रेषेत राहता का. वर्धा रोडच्या आसपास उतरणारी विमानं खालून जाणारच. धावपट्टीच्या टोकाआधी एक किलोमीटरवर ती साधारण ६०-७० मीटरवर असतात, आणि तशीच असायला हवीत. पण काटोल, उमरेड किंवा रामटेककडे हलकं विमान घरांवरून गिरक्या घेत असेल तर वेळ, दिशा, किती फेऱ्या आणि जमलं तर पंखावरची किंवा शेपटीवरची व्हीटीने सुरू होणारी अक्षरं लिहून घ्या. लांबून काढलेला व्हिडिओ असेल तर तो जपून ठेवा. ही माहिती विमानतळावर किंवा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे द्या. आणि विमान फिरत असताना गच्चीवर चढून हात हलवू नका, पोरांनाही चढू देऊ नका.